महामार्गालगतचे बांधकाम : अंतर मोजायचे कुठून आणि मोकळ्या पट्ट्यात लावायचे काय?

महामार्गालगतच्या जमिनींविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत असतात. ती एकत्र ठेवून वाचली तेव्हा असे दिसले की, किती मीटर जागा सोडायची हे बहुतेकांना कुठून तरी कळलेले असते. मात्र ते मीटर कोणत्या रेषेपासून मोजायचे आणि कशासाठी सोडायचे, याचा उलगडा क्वचितच झालेला असतो. त्यामुळे या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे व गावे गाळली आहेत.

प्रश्न : महामार्गाला लागून असलेला भूखंड घेण्याचा माझा विचार आहे. डांबराच्या कडेपासून ४० मीटर सोडले की पुढे बांधकाम करता येते, असे विक्रेता सांगतो. वास्तुविशारदाने मात्र तेच ४० मीटर रस्त्याच्या मध्यापासून मोजले, शिवाय भूखंडाच्या हद्दीपासून सोडायचे निराळेच एक अंतर दाखवले. खरे कोणाचे धरावे?

उत्तर : नियमाचा मूळ मजकूर समोर ठेवल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ नये, कारण ४० हा आकडा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रेषांपासून मोजला जातो. जर्मनीच्या केंद्रीय महामार्ग कायद्याच्या नवव्या कलमानुसार, वस्तीबाहेरच्या भागात आउटोबान या तिथल्या द्रुतगती महामार्गांलगत ४० मीटरपर्यंत आणि इतर केंद्रीय महामार्गांलगत २० मीटरपर्यंत इमारत उभारता येत नाही, आणि हे अंतर पक्क्या रस्त्याच्या बाहेरच्या कडेपासून धरले जाते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, मोकळ्या सपाट प्रदेशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी समोरासमोरच्या दोन इमारत रेषांमध्ये, म्हणजे जिच्या पुढे रस्त्याकडे बांधकाम आणता येत नाही अशा दोन बाजूंच्या रेषांमध्ये, ८० मीटर अंतर सुचवले आहे. म्हणजे तेथील ४० मीटर मध्यरेषेपासूनचे आहेत. फ्रान्समध्ये १९९५ च्या कायद्याने वस्तीबाहेरच्या द्रुतगती मार्गांलगत १०० मीटर आणि वर्दळीचे म्हणून वर्गीकृत केलेल्या इतर रस्त्यांलगत ७५ मीटर असे बंधन घातले, आणि तेही रस्त्याच्या अक्षापासून, म्हणजे मध्यरेषेपासून.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, जमिनीवर मात्र तो फार मोठा असतो. समजा, रस्त्यासाठी संपादित केलेली जमीन एकूण ६० मीटर रुंद आहे आणि रस्ता तिच्या बरोबर मधून जातो. मध्यरेषेपासून ४० मीटर मोजले, तर त्यातले ३० मीटर रस्त्याच्याच जमिनीत जातात आणि आपल्या भूखंडात केवळ १० मीटर मोकळे ठेवावे लागतात. तेच ४० मीटर डांबराच्या कडेपासून मोजले आणि ती कड मध्यापासून १२ मीटरवर असली, तर इमारत रेषा मध्यापासून ५२ मीटरवर जाते, म्हणजे आपल्या भूखंडात २२ मीटर. आकडा एकच असूनही भूखंडातील मोकळी जागा दुपटीहून अधिक होते.

भूखंडाच्या हद्दीपासून वास्तुविशारदाने दाखवलेले अंतर हे स्थानिक बांधकाम नियमांतले सामासिक अंतर असणार. ते इमारतीला उजेड, वारा आणि अग्निशामक वाहनाची वाट मिळावी यासाठी असते, तर महामार्गाची इमारत रेषा रस्त्यासाठी असते. दोन्ही नियम एकाच वेळी लागू होतात आणि ज्याने इमारत अधिक मागे जाते, तोच प्रत्यक्षात पाळावा लागतो. रस्त्याचे रुंदीकरण एकाच बाजूने झाले की मध्यरेषा सरकते आणि तिच्यासोबत इमारत रेषाही सरकू शकते, याकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेव्हा आजच्या डांबरावर फीत न लावता रस्त्याच्या मंजूर आराखड्यावर मध्यरेषा कुठे दाखवली आहे ते पाहावे आणि ते लेखी घ्यावे.

याच्या पुढे आणखी एक रेषा असते, तिला नियंत्रण रेषा म्हणतात. वर सांगितलेल्या भारतीय तत्त्वांत ती मध्यापासून ७५ मीटरवर येते. इमारत रेषेच्या अलीकडे बांधकामाला मनाई असते. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांच्या दरम्यान बांधकाम करता येते, पण रस्त्याच्या प्राधिकरणाच्या परवानगीने व त्याने घातलेल्या अटींवर. जर्मनीतही अशीच दुहेरी रचना आहे आणि आउटोबानसाठी संमतीचा टप्पा १०० मीटरपर्यंत जातो. 'इमारत रेषा ओलांडली, आता कोणाला विचारायचे कारण नाही' हा समज त्यामुळेच महागात पडतो.

प्रश्न : सोडलेली जागा कोणाच्या मालकीची? तिथे वाहने उभी करणे, विहीर घेणे किंवा भिंत घालणे चालते का?

उत्तर : रस्त्याची हद्द संपते तिथे आपली जमीन सुरू होते आणि इमारत रेषा त्या जमिनीच्या आत असते, म्हणून मधल्या पट्ट्याची मालकी आपलीच राहते. बहुतेक बांधकाम नियमांत चटई क्षेत्र मोजताना हा पट्टा भूखंडाच्या क्षेत्रफळात धरला जातो. रस्त्यासाठी प्रत्यक्ष ताब्यात दिलेल्या जागेचा हिशेब मात्र वेगळा असतो आणि अनेक पत्रांत या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते.

वापराविषयी एक भेद ध्यानात ठेवला की निम्मे प्रश्न सुटतात. सामासिक अंतर किंवा इमारत रेषा हा नकारात्मक नियम आहे, म्हणजे तिथे काय असू नये एवढेच तो सांगतो. हरितपट्ट्याचा, म्हणजे झाडाझुडपांसाठी राखलेल्या पट्ट्याचा, नियम होकारार्थी असतो आणि तिथे काय असलेच पाहिजे हे सांगतो, उदाहरणार्थ झाडांच्या रांगा, त्यांतील अंतर, झुडपांची उंची. पहिल्या प्रकारच्या जागेत पीक घेणे, हिरवळ करणे आणि पुष्कळदा वाहने उभी करणेही चालते. दुसऱ्या प्रकारच्या जागेत फरशी घालून वाहनतळ केला, तर इमारत कितीही मागे असली तरी नियमभंग होतोच. काही नियमांत हरितपट्टा सामासिक अंतरातच सामावलेला असतो, काहींत त्याच्यापलीकडे जादा धरलेला असतो. 'समाविष्ट' आणि 'अतिरिक्त' हे दोन शब्द मजकुरात मुद्दाम शोधावेत.

विहीर, जमिनीखालची पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी अशा गोष्टी डोळ्यांना दिसत नसल्या तरी कायम स्वरूपाच्या असतात, आणि पुढे रुंदीकरण, सेवारस्ता किंवा केबल टाकण्याची वेळ आली की त्याच आड येतात. त्यामुळे त्यांना वेगळी परवानगी लागते असे धरूनच चालावे. छज्जा, गॅलरी, पोर्च आणि पायऱ्या यांपैकी काय रेषेपुढे आलेले चालते, हे प्रत्येक नियमावलीत वेगळे असते. नकाशा मंजूर करून घेतानाच ते विचारावे, कारण स्लॅब पडल्यानंतर हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

प्रश्न : महामार्गाच्या बाजूने झाडांच्या तीन रांगा लावल्या, तर घरातला आवाज आणि धूळ थांबेल का? रोपवाटिकेत तसे खात्रीने सांगतात.

उत्तर : तीन रांगांनी आवाज थांबणार नाही. हे उत्तर निराशाजनक असले तरी हरितपट्ट्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाहता महामार्ग म्हणजे आवाजाचा एक लांबलचक उगम असतो. अशा उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की कठीण, फरशीसारख्या जमिनीवरून येणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो आणि गवताळ, मऊ जमिनीवरून येणारा सुमारे ४.५ डेसिबलने. म्हणजे घराची २० मीटरवरची भिंत ४० मीटरवर नेल्याने जेवढा फायदा होतो, तेवढाच फायदा पुन्हा मिळवायचा तर ती ८० मीटरवर न्यावी लागते. सुरुवातीचे मीटर हे असे मोलाचे असतात; आणि मधल्या जागेत फरशी घालण्याऐवजी गवत व माती ठेवणे हे नुसते शोभेचे काम नाही, हेही यातून स्पष्ट व्हावे.

झाडांनी आवाज कमी होतो, पण त्यासाठी फार खोल आणि दाट पट्टा लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने दिलेल्या अंदाजानुसार २०० फूट, म्हणजे सुमारे ६१ मीटर खोलीची, पलीकडचे काही दिसणार नाही अशी दाट झाडी असेल तर आवाज १० डेसिबलने घटतो. दहा डेसिबलने घटलेला आवाज कानाला साधारणपणे निम्मा वाटतो. तीन रांगांनी हे साधणे अशक्य आहे. रहदारी नजरेआड गेली की मनाला बरे वाटते, हे मी नाकारत नाही. पण त्या बरे वाटण्याची नोंद ध्वनिमापकावर होत नाही.

कमी जागेत आवाज अडवायचा असेल तर सलग भिंत किंवा मातीचा बांध हाच उपाय आहे. वाहने आणि खिडकी यांच्यातली दृष्टिरेषा तुटली की साधारण ५ डेसिबल कमी होतात आणि त्यापुढे उंची वाढेल तशी घट वाढते. त्याच उंचीच्या भिंतीपेक्षा मातीचा बांध आणखी सुमारे ३ डेसिबल अडवतो, असे त्याच प्रशासनाने नमूद केले आहे. भिंतीत फटी ठेवल्या किंवा ती फाटकापाशी मोठ्या अंतरात तोडली, तर खर्च होतो आणि उपयोग होत नाही. बांधाला तळाशी रुंद जागा लागते, शिवाय मोठी भर किंवा खोदाई हीसुद्धा बांधकामाप्रमाणेच नियंत्रित असू शकते. जर्मनीच्या कायद्यातली ४० व २० मीटरची मनाई मोठ्या भरावाला आणि खोदकामालाही लागू आहे. तेव्हा बांध आधी नकाशावर दाखवावा आणि मगच माती आणावी.

धूळ आणि धूर यांच्या बाबतीत मात्र झाडांची बाजू अधिक भक्कम आहे. वाहनांच्या धुरातील प्रदूषकांचे प्रमाण रस्त्यालगतच्या पहिल्या १५० मीटरांत सर्वाधिक असते आणि पुढे झपाट्याने उतरत जाते. याच कारणाने कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा करून द्रुतगती मार्गापासून ५०० फुटांच्या आत नवीन सार्वजनिक शाळांसाठी जागा निवडण्यावर कठोर निर्बंध घातले. इमारत रेषेचे आकडे ठरवताना मात्र रुंदीकरण आणि दृष्टिक्षेप यांचाच विचार मुख्यत्वे झालेला असतो. म्हणून ४० मीटर सोडले की फुप्फुसेही सुरक्षित झाली, असे समजू नये.

धूर अडवणाऱ्या पट्ट्याची खरी कसोटी सलगपणा ही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींत पट्टा जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेला, सुमारे १० मीटर किंवा त्याहून जाड आणि बाराही महिने पाने टिकवणारा असावा असे म्हटले आहे. खाली उघडे खोड आणि वर छत्रीसारखा विस्तार अशी झाडे एका ओळीत लावली, तर वारा खालून सरळ घराकडे येतो. आणि पट्ट्यात मधेच मोकळी फट राहिली, तर तिच्यामागे प्रदूषण उलट वाढल्याचेही आढळते. म्हणून उंच झाडांच्या पायाशी झुडपांची दुसरी फळी हवी. रोपवाटिकेला जातीचे नाव विचारण्याआधी, तिची पाने जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात ते विचारावे.

प्रश्न : नगररचना विभाग झाडे लावा म्हणतो आणि रस्ते विभाग लावू नका म्हणतो. ऐकायचे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही, फक्त जागा वेगवेगळ्या आहेत. भरकटलेल्या वाहनाला सावरायला मोकळा पट्टा लागतो. अमेरिकी रस्तारचनेत वेगवान मार्गांसाठी तो ढोबळमानाने ३० फूट, म्हणजे ९ मीटर धरण्याची रीत पडली आणि १० सेंटिमीटरपेक्षा जाड होणारे खोड हा तिथे धोकादायक अडथळा मानला जातो. या पट्ट्यात झुडपे आणि गवत चालते, वृक्ष चालत नाहीत. दुसरी जागा आपल्या फाटकाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे ताशी ८० किलोमीटर वेगासाठी थांबण्याचे दृश्यअंतर, म्हणजे अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणारे अंतर, १२० मीटर आणि ताशी १०० किलोमीटरसाठी १८० मीटर आहे. एवढ्या अंतरावरून येणारी गाडी फाटकातून बाहेर पडणाऱ्याला दिसलीच पाहिजे, म्हणून तिथला दृष्टित्रिकोण, म्हणजे फाटकालगत नजरेसाठी मोकळा ठेवायचा भाग, चालकाच्या डोळ्यांच्या खाली राहील अशाच लागवडीचा असावा. उंच झाडांची फळी या दोन्ही जागांच्या मागे ठेवावी.

प्रश्न : आमचे घर इमारत रेषा ठरण्याच्या कितीतरी आधीचे आहे आणि आता ते रेषेच्या आत आले आहे. दुरुस्ती करता येईल का?

उत्तर : साधारण तत्त्व असे की, नियमाआधी कायदेशीरपणे उभे राहिलेले बांधकाम नियम आल्यामुळे बेकायदा ठरत नाही. गळके छप्पर बदलणे, गिलावा करणे, खिडक्या बदलणे यांना बहुधा अडचण नसते. रस्त्याच्या दिशेने वाढ करता येत नाही. घर पाडून त्याच पायावर नवे बांधायचे म्हटले की मात्र बहुतेक ठिकाणी जुने संरक्षण संपते आणि नव्या रेषेमागे जावे लागते. दुरुस्ती कुठे संपते आणि पुनर्बांधणी कुठे सुरू होते, याची मोजपट्टी प्रत्येक नियमावलीत निराळी असते. फ्रान्सचा नियम या बाबतीत उदार आहे. अस्तित्वातील इमारतीची दुरुस्ती, वापरबदल आणि विस्तार यांना तिथे १०० मीटरची मनाई लागू होत नाही. आपल्या हाती करण्याजोगी गोष्ट एकच, घराचा काळ सिद्ध करणारे कागद, जसे जुना कर भरल्याची पावती, वीजजोडणीचा दाखला, मंजूर नकाशा, आजच गोळा करून ठेवावेत.

प्रश्न : जमीन माझी, कर मी भरतो आणि बांधायचे मात्र नाही. मोबदला न देता असे बंधन घालणे न्याय्य आहे का? शेजारच्या सगळ्या इमारती तर पुढेच आहेत.

उत्तर : हा वाद जुना आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक शहराने रस्त्यापासून मागे बांधण्याची सक्ती केली, तेव्हा एका जमीनमालकाने तिला आव्हान दिले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोरिब विरुद्ध फॉक्स या खटल्यात शहराच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा, उजेड, आगीपासूनचे अंतर आणि चौकातला दृष्टिक्षेप ही सार्वजनिक हिताची कारणे मान्य झाली. त्या नियमातली एक तरतूद आपल्या दुसऱ्या तक्रारीशी जुळते. तिथे रेषा ठरवताना दोन चौकांमधल्या त्या भागातली ६० टक्के घरे रस्त्यापासून जितकी दूर होती तितके अंतर आधार म्हणून घेतले होते, म्हणजे शेजाऱ्यांची स्थिती नियमाच्या पोटातच होती. आपल्या नियमावलीत अशी सरासरीची तरतूद असेल तर ती अर्जात जरूर मांडावी. नसेल, तर शेजारी पुढे आहेत एवढे कारण सहसा टिकत नाही.

बंधन का घालावे लागते, याचे बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिथे नव्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना घरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या, कारण तयार रस्त्यावर दार काढणे सर्वांत स्वस्त होते. वेगाने जाण्यासाठी काढलेल्या रस्त्याला दर काही मीटरवर फाटक झाले आणि वळणरस्ता (बायपास) काढण्याचा हेतूच मेला. अखेर १९३५ मध्ये अशा फितीसारख्या वाढीला आळा घालणारा कायदा झाला आणि वर्गीकृत रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत बांधण्यास संमती आवश्यक ठरली. महामार्गावरचे दार जमीनमालकाला लाभ देते, पण त्याची किंमत त्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मोजतो.

तरीही आपल्या प्रश्नातला न्यायाचा भाग मी सोडून देणार नाही. खोल भूखंडात पुढचा पट्टा मोकळा ठेवावा लागला तरी मागे बांधता येते. उथळ भूखंड मात्र अख्खाच इमारत रेषेच्या आत सापडतो. अशा वेळी शिथिलतेचा अर्ज करण्याची सोय बहुतेक नियमांत असते. आणि शिथिलताही शक्य नसेल, तर रस्त्याच्या प्राधिकरणाने ती जमीन मोबदला देऊन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जमीन वापरू द्यायची नाही आणि विकतही घ्यायची नाही, ही भूमिका समर्थनीय नाही.

प्रश्न : हरितपट्ट्यात जाहिरातीचा फलक उभारता येईल का?

उत्तर : फलकांचे नियम बहुधा स्वतंत्र असतात आणि हरितपट्ट्याची परवानगी म्हणजे फलकाची परवानगी नव्हे. अमेरिकेने १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने प्रमुख महामार्गांच्या हद्दीपासून ६६० फुटांपर्यंतच्या फलकांवर नियंत्रण आणले आणि १,००० फुटांच्या आतले भंगाराचे साठे झाडी किंवा कुंपणाने झाकण्याची अट घातली. फलक दिसावा म्हणून पट्ट्यातली झाडे छाटणे हाही नियमभंगच असतो, हे जाता जाता सांगतो.

प्रश्न : आमच्या गावाच्या नियोजन समितीवर माझी निवड झाली आहे. महामार्गालगतच्या पट्ट्याचा नियम लिहिताना नेमके काय लिहावे?

उत्तर : आरंभरेषा, अंतर आणि हेतू या तीन गोष्टी एकाच वाक्यात याव्यात, म्हणजे वरच्या पहिल्या प्रश्नासारखे वाद निर्माणच होणार नाहीत. सगळीकडे एकच आकडा लावण्याचा मोह टाळावा. फ्रान्समध्ये १०० मीटरचे बंधन कमी करता येते. पण त्यासाठी स्थानिक नियोजनाने उपद्रव, सुरक्षितता, वास्तूंचा दर्जा, नगररचनेचा दर्जा आणि भूदृश्याचा दर्जा या पाचही बाबींचा अभ्यास करून नवे अंतर का पुरेसे आहे ते दाखवावे लागते. अंतर कमी हवे असेल तर आराखडा अधिक चांगला द्यावा लागतो, हा सौदा मला योग्य वाटतो.

पट्ट्याविषयी लिहिताना केवळ 'वृक्षारोपण करावे' असे लिहू नये. पट्ट्याची किमान रुंदी, उंच झाडे व झुडपे यांच्या फळ्या, लावतानाची उंची, फाटकापाशी मोकळा ठेवायचा दृष्टिक्षेप आणि वरून जाणाऱ्या वीजतारांपासूनचे अंतर एवढे तरी यावे. अनेक फाटकांऐवजी शेजारच्या भूखंडांना मिळून एक सेवारस्ता देण्याची अट घातली, तर पट्ट्याला फटी कमी पडतील आणि रस्त्यावरची सुरक्षितताही वाढेल.

सर्वांत दुर्लक्षित कलम देखभालीचे असते. रोपे लावल्याचे छायाचित्र पाहून भोगवटा प्रमाणपत्र दिले जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे काठ्या उभ्या असतात. म्हणून प्रमाणपत्राच्या वेळी अनामत रक्कम घ्यावी, मेलेली रोपे पुढच्या पावसाळ्याच्या आत बदलण्याची जबाबदारी भूखंडधारकावर टाकावी आणि तिसऱ्या वर्षी पट्टा प्रत्यक्ष पाहिल्यावरच ती रक्कम परत करावी. भूखंड विकला गेला तर ही जबाबदारी नव्या मालकाकडे जाते, हेही त्याच कलमात लिहावे.